दाखला सांगलीला की साताऱ्याला

मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा आमची मेंढरं वाळव्याच्या बाजूला कुणाच्या तरी रानात खतासाठी बसवलेली होती आणि वडील त्यांच्यासोबत होते. दरवर्षी आईही जायची. त्या वर्षी माझी परीक्षा म्हणून ती मागं राहिली. कवठे महांकाळपासून तासभर चालत गेलं की आमची वस्ती लागायची. तिथून रोज शाळेला जाणारी मी एकटीच मुलगी.

मला फर्स्ट क्लास मिळाला होता. शाळेत पेढे वाटावेत एवढी काही आमची तयारी नव्हती, म्हणून आईनं सकाळीच गूळ बांधून दिला होता. तो मी सायन्सच्या सरांपुढं धरला. सरांनी खडा तोंडात टाकला आणि शाळा सोडल्याचा दाखला माझ्या हातात दिला.

"हा जपून ठेव," ते म्हणाले. "दाखला एकच असतो. दुसरा मिळत नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. तेव्हा अकरावीला मॅट्रिक असायची आणि पुढं कॉलेजचं पहिलं वर्ष म्हणजे प्री-डिग्री. सांगलीचं एक कॉलेज फर्स्ट क्लासवाल्यांना लगेच प्रवेश देत होतं. अट अशी, शनिवारपर्यंत मूळ दाखला जमा करायचा, आणि तो वर्षभर परत मागायचा नाही. साताऱ्याच्या कॉलेजात सायन्स चांगलं, मुलींना वसतिगृह होतं, पण त्यांची यादी पंधरा दिवसांनी लागणार होती. तेही मूळ दाखल्याशिवाय अर्ज घेत नव्हते. साताऱ्याला नंबर लागला नाही तर दाखला परत मिळाला असता, पण तोवर सांगलीच्या जागा भरलेल्या.

"म्हणजे एकाच ठिकाणी अर्ज करता येणार?"

"एकाच. आणि ठरवायला तुझ्याकडं चार दिवस आहेत."

मी घरापर्यंत पळतच गेले. आईला सगळं सांगितलं, तेही एका दमात. तिनं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "सोयरीक करताना आपुन घर बघून येतो. मग कॉलेज न बघता तुला कसं द्यायचं? दोनी बघू."

"आये, सातारा लय लांब हाय."

"असू दे की. गाडी जातीया न्हवं?"

शेजारच्या वस्तीवर आमच्या शेळ्या बघायला सांगून, दशम्या बांधून दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मिरजेपर्यंत छोटी रेल्वे. ती इतकी सावकाश जायची की आई दारात उभी राहून रानातल्या बायकांशी बोलत होती. "कुठं चाललाय?" कुणीतरी ओरडून विचारलं. "कॉलेज बघाय!" आई तितक्याच जोरात ओरडली. डब्यातली माणसं हसली आणि मी खिडकीकडं तोंड केलं, पण मलाही हसू आवरत नव्हतं.

सांगलीत माझी आत्ती राहायची. तिचे यजमान बाजारात हमाली करायचे. दोन खोल्यांत सात माणसं होती, आणि मी आठवी होणार हे आत्तीनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. तिनं मला कोपऱ्यातली जागा दाखवली. "हितं तुझी पेटी. सकाळी नळाला माझ्यासंगं यायचं, सांजच्याला पोरांचा अभ्यास घ्यायचा. आपल्या घरात पोरगी कॉलेजला जाती म्हंजी काय थोडं हाय व्हय?" बोलताना तिचे डोळे भरून आले होते. मला तिची माया कळत होती, पण त्या पेटीएवढ्या जागेत वही कुठं उघडायची हेही मी मनात मोजत होते.

दुपारी तिघी कॉलेजात गेलो. मोठी इमारत, मोठी झाडं, सायकलींची रांग. मला ते आवडलं. प्रयोगशाळेला कुलूप होतं. खिडकीतल्या कारकुनानं गुणपत्रिका बघितली, मान डोलावली आणि हात पुढं केला.

"दाखला द्या. आत्ता पावती देतो."

आत्तीनं माझ्या पाठीला ढोसलं. आई माझ्याकडं बघत होती. मी दाखल्याचं पाकीट बाहेर काढलं, खिडकीच्या फळीवर ठेवलं, पण वरचा हात काही उचलेना. कारकुनानं पाकिटाचं एक टोक धरलं. दुसरं माझ्या हातात.

"उद्या देतो," मी म्हणाले.

"उद्या कशाला? आज काय झालं?"

"अजून सातारा बघायचाय."

कारकुनानं पाकीट सोडलं. "शनिवारी बाराला खिडकी बंद होते," एवढंच तो बोलला. घरी पोचल्यावर आत्ती आईला म्हणाली, "वैनी, पोरीच्या मनावर कवापासनं चालाय लागलीस?" आई म्हणाली, "मीच म्हटलंय, दोनी बघायची."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही साताऱ्याला निघालो. इस्लामपूर, कऱ्हाड, मग उंब्रज. दोन्ही बाजूंना हिरवागार ऊस. आमच्याकडं दुष्काळ सरून दोनच वर्षं झाली होती, एवढी हिरवळ एका वेळी मी कधी पाहिली नव्हती. आई सारखी म्हणत होती, "मेंढरांस्नी हितं आणाय पायजे." अजिंक्यतारा दिसला तेव्हा कंडक्टरनं आम्हाला मुद्दाम दाखवला.

कॉलेजात सुट्टीच होती. वसतिगृह बघायला गेलो तर वरच्या वर्गातल्या दोन मुली परीक्षेसाठी राहिलेल्या. आईनं त्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारले. भाकरी कोण करतं, पाणी कुठनं येतं, दाराला आतनं कडी हाय का, आजारी पडलं तर कोण बघतं. त्या मुलींनी सगळं दाखवलं, स्वयंपाकघरातला तवासुद्धा. मग त्यांतलीच एक म्हणाली, "प्रयोगशाळा उघडी आहे. बाई आल्यात. चला."

लांब दगडी ओट्यांची खोली होती. एक पंचविशीतल्या बाई कापडानं सूक्ष्मदर्शक पुसत होत्या. बाई सायन्स शिकवतात हे मी पहिल्यांदा पाहत होते. आमच्या शाळेत सायन्सला सरच. त्यांनी मला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं, काचपट्टी लावली. कांद्याच्या पापुद्र्याचे तुकडे होते त्यावर. पुस्तकातलं चित्र मी शंभरदा काढलं होतं. आता ते खरंच समोर होतं. मी बघतच राहिले.

"आईंना पण बघू द्या," बाई म्हणाल्या.

आईनं पदर मागं सारला आणि एक डोळा मिटला. "आगं, ह्ये तर भित बांधल्यागत दिसतंय! एका चिऱ्यावर दुसरा चिरा." ती तिथून हटेना. मग तिनं एकदम विचारलं, "बाई, ह्यात दुसरं काय बी दिसतंय का?"

"काय बघायचंय?"

आईच्या पिशवीत घोंगडीचा तुकडा होता, बसायला आणलेला. तिनं त्यातनं लोकरीचा एक धागा ओढून काढला आणि बोटांनी उलगडून त्यातला केस वेगळा केला. बाईंनी तो पाण्याच्या थेंबात ठेवला, काच झाकली, आधी स्वतः पाहिलं आणि बाजूला झाल्या.

आईनं डोळा बदलून पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "ह्याच्यावर खवलं हायती. माशागत."

"बरोबर."

"तरीच!" आई इतक्या मोठ्यानं बोलली की त्या दोन मुली दचकल्या. "आमी लोकर भिजवून तुडवतो, तवा ती एकमेकीला धरून बसती. मग सुटत न्हाई. कापसाचं तसं हुईत न्हाई. ही खवलं अडकत्याती, व्हय ना?"

बाईंनी आईकडं बघितलं. "मी हे पुस्तकात वाचलंय," त्या म्हणाल्या, "तुम्ही आता पाहून सांगितलंत." मग त्यांनी मला बोलावलं, मुलींना बोलावलं, आणि आम्ही पाळीपाळीनं मेंढीचा तो केस पाहिला. आई मध्ये उभी राहून लोकर कशी पिंजतात, पाणी किती गरम हवं, हे सांगत होती आणि बाई ऐकत होत्या.

बाहेर पायरीवर बसून आम्ही दशमी खाल्ली. वसतिगृहाच्या जागा थोड्या, यादीत नाव येईलच असं ऑफिसातला कारकून सांगत नव्हता. आईनं पाणी प्यायलं, तोंड पुसलं. मला वाटलं, आता ती म्हणेल सातारा. पण ती म्हणाली, "मला इच्यारू नको. मी म्हटलं तर माझं हुईल. तू सांग."

"नंबर न्हाई लागला तर दोनी जात्यात."

"जात्यात की."

"आत्ती बोलायची न्हाई आपल्याशी."

"ते माझं मी बघतो."

आतून उत्तर केव्हाच तयार होतं. मी उठले, खिडकीपाशी गेले आणि पाकीट सरळ आत दिलं. कारकुनानं शिक्का मारला. तो आवाज ऐकून मला उड्या माराव्याशा वाटल्या, आणि पुढच्याच क्षणी पाकीट परत मागावं असंही वाटलं.

शनिवारी बारा वाजता मी वस्तीवर शेळ्यांमागं होते. सावली पायाशी आली तेव्हा सांगलीची खिडकी बंद झाली हे मला कळलं.

वडील मेंढरं घेऊन परतले. आईनं त्यांना सगळी हकिगत सांगितली, त्यात केसावरच्या खवल्यांची दोनदा. त्यांनी मला एवढंच विचारलं, "भ्या वाटतंय का?" मी हो म्हणाले. "मला बी पैल्यांदा कळप घिऊन जाताना वाटलं हुतं," असं म्हणून ते मेंढरं मोजायला गेले.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. कॉलेजात प्रवेश होता. वसतिगृहात मात्र जागा नव्हती, माझं नाव प्रतीक्षा यादीत तिसरं. मी कार्ड धरून आईसमोर रडायला लागले. आईनं पेटी काढली आणि त्यात माझ्या कपड्यांबरोबर स्वतःची दोन लुगडी ठेवली.

"तू कुठं?"

"जागा मिळस्तवर मी ऱ्हातो की तुझ्यासंगं. मला बी कॉलेज बघायचंय."

माची पेठेत एका म्हातारीच्या घरी आम्ही खोली घेतली. आई दीड महिना साताऱ्यात राहिली. मी वर्गातून आले की आज काय झालं ते तिला सांगावं लागे, आणि सगळं सांगावं लागे. बेडूक कापला त्या दिवशी तिनं काळीज कुठल्या बाजूला असतं ते माझ्याकडून वहीत काढून घेतलं. मेंढरांची कापाकापी तिनं बघितलेली, त्यामुळं माझ्या चित्रातली एक चूक तिनंच पकडली.

आत्ती वर्षभर बोलली नाही. पुढं तिची मधली मुलगी मॅट्रिक झाली तेव्हा ती स्वतःच वस्तीवर आली आणि म्हणाली, "हिला बी त्या बाईंच्या कॉलेजात घालायची. तू घिऊन जा." मी नेलं.

पण ते पुढचं. यादीतल्या आधीच्या दोघींना जागा मिळाल्या होत्या. ऑगस्टच्या मध्यावर वसतिगृहातल्या एका मुलीचं लग्न ठरलं आणि तिची खाट मला मिळाली. मी आईला एसटी स्टँडवर सोडायला गेले. ती खिडकीशी बसली, मिरजेचं तिकीट नीट कमरेला खोवलं. मला वाटलं ती रडेल, मीही तयारीत होते.

"आज दुपारी काय हाय?" तिनं विचारलं.

"केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल."

"मग हितं काय उभी ऱ्हायलीस? जा की!"

गाडी सुटायची वाट न बघता मी कॉलेजच्या दिशेनं पळत सुटले.