बिब्ब्याचं खोड

आई श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी गेली. परवा मुरबाडच्या बाजारात बिब्बे विकायला ठेवलेले दिसले आणि ती दुपार आठवली.

घरातली लाकडं भिजली होती, अंधाराआधी अग्नी द्यायचा होता. मामा आणि मी रानात पडलेलं झाड शोधत होतो. ओढ्यापलीकडे एक वाळलेलं खोड मला आधी दिसलं. ऐनाचं झाड असेल असं समजून मी उरलीसुरली साल हातानं ओढली. खालचा काळा चीक मनगटाला लागला.

"हात काढ रे! बिब्बा हाय तो," मामा ओरडला. "याच्या धुरानं समद्यांची तोंडं सुजतील. कालेजात झाडं दाखवत नाय का तुला?"

मला त्याचा फार राग आला. आईसाठी एवढं एक काम मला करायचं होतं. मामा पुढे गेला. मगरीच्या पाठीसारखी साल पाहून त्यानं ऐन शोधला, कोयत्यानं ठोकून पाहिला आणि कुऱ्हाड माझ्या हातात दिली.

"पैला घाव तू घाल. माझे हात थरथरतात."

ती त्याची बहीण होती, हे मला तेव्हा सुचलंही नाही. दिवस मावळायच्या आत लाकूड पोहोचलं.

मामा गेला त्यालाही आता वर्षं झाली. माझ्या मनगटावर बिब्ब्याचा डाग आहे.