मिठाच्या पाण्यातली गोगलगाय

मंगरूळपीरहून निघालो तेव्हा माझ्या थोरल्या भावाच्या, प्रल्हाददादाच्या पिशवीत दशम्या, मिरचीचा ठेचा आणि एक चाकू होता. पन्नाशी उलटली तरी त्याने समुद्र पाहिला नव्हता. त्याला मालवणला नेण्याचा हट्ट माझा. वाटेत प्रत्येक थांब्यावरच्या चहाला त्याने मनापासून नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी लागताना आम्ही खडकांवर उतरलो. दादाने समुद्राकडे जेमतेम पाहिलं आणि खाली वाकला. "सुमे, इथं बी गोगलगायी हायेत."

आमच्या वावरात (शेतात) गोगलगायी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त करतात. दादा त्या वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकतो. ती सवय हातातच मुरलेली. टोपीसारख्या कवचाची एक गोगलगाय ओल्या खडकावर सरकत होती. दादाने ती चाकूने उचकटली.

"टाकतो मिठाच्या पान्यात," म्हणाला, आणि समोरचा समुद्र पाहून स्वतःच थबकला.

शेजारी खडकावरची कालवं (शिंपले) काढणारी एक आजी पोट धरून हसली. "अरे, ती मिठातच रवता (राहते)."

मग तिने खडकावरचे नागमोडी ओरखडे दाखवले. ही गोगलगाय खरखरीत जिभेने दगडावरचं बारीक शेवाळ खरवडत फिरते आणि पाणी ओसरलं की नेमकी आपल्याच जागी परतते. तिथे तिच्या कवचाच्या मापाची खाच पडलेली असते. तिथे घट्ट बसली की उन्हातही आतला ओलावा टिकतो.

दादाचा चेहरा उतरला. "आन् मी हिले उचकटली. वाळून मरन थे (मरेल ती). काहून नाही सांगतलं आंदी (आधी)?"

ऊन चढत होतं. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून रिकाम्या खाचा शोधत राहिलो. तीन ठिकाणी कवचाची कड बसेना. चौथीजवळ दादाने तिला ठेवलं आणि ओंजळीने पाणी घालत राहिला. बराच वेळ काही नाही. मला खरंच रडू येत होतं. मग ती हलली, थोडी वळली, आणि कड खाचेत चपखल बसली.

"गेली घरी," दादा म्हणाला. आमची परतीची बस तोवर निघून गेली होती, पण त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

जुलैत मी त्याच्या वावरात गेले. बांधावर तीच बादली, तेच मिठाचं पाणी. पीक तर वाचवायलाच हवं होतं. दादा गोगलगायी वेचत होता, पण प्रत्येक वेळी बादलीत टाकताना मान दुसरीकडे फिरवत होता. मी ते पाहिल्याचं त्याला कळू दिलं नाही.