पहिला धडा तोंडपाठ

रक्त तपासणाऱ्या त्या लॅबमध्ये सगळे तिला टेक्निशियनबाई म्हणत. एके सकाळी कॉम्प्युटरने दोन पेशंटच्या रिपोर्टांची अदलाबदल केली. नशीब, पाठवण्याआधी तिच्या लक्षात आलं. प्रोग्रामची देखभाल करणाऱ्या माणसाला तिने विचारलं, हे झालं कसं? स्क्रीनवरची नजरही न काढता तो म्हणाला, "जाऊ द्या बाई, तुम्हाला नाही कळायचं."

ते तिला चांगलंच झोंबलं. कळत कसं नाही बघतेच, म्हणत तिने संगणकशास्त्र शिकायचं मनावर घेतलं.

पण कशावरून शिकायचं, इथेच गाडी अडली. थोरली नणंद सॉफ्टवेअरमध्ये होती. तिने एक कोर्स सुचवला. हिने तो सुरू करेपर्यंत नणंदेचा फोन, की तो आता जुना झाला, त्यापेक्षा अमुक पुस्तक घे. पुस्तक आणलं, तर इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेलं, नवशिक्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. एक म्हणे आधी गणित पक्कं करा, दुसरा म्हणे गणिताच्या नादी लागलात तर संपलात. दर वेळी नवी सुरुवात आणि सुरुवातीला तेच: व्हेरिएबल म्हणजे एक डबा समजा. डबे समजून समजून तिचा जीव मेटाकुटीला आला. पहिला धडा तोंडपाठ, दुसऱ्याचं तोंडही पाहिलेलं नाही. भाजी चिरता चिरता नवरा म्हणाला, तू शिकतेयस की नुसती खरेदीला निघालीयस? तो खरं बोलला, म्हणून तिला जास्तच राग आला.

रविवारी नणंद घरी आली आणि चप्पल काढता काढताच आणखी एका पुस्तकाचं कौतुक सुरू झालं. हिचं डोकंच फिरलं.

"वन्सं, तुम्ही स्वतः कशावरून शिकलात?"

नणंद जरा ओशाळली. "कॉलेजच्या लायब्ररीत एकच पुस्तक होतं. भयंकर रटाळ. दुसरं नव्हतं, म्हणून तेच रेटलं."

"मग मला कशाला दहा ठिकाणी फिरवता?"

"तुला चांगलं मिळावं म्हणून गं."

नणंद गेल्यावर हिने हाताला आलेलं एक पुस्तक ठेवलं आणि बाकीची कपाटावर टाकून दिली. पुस्तक काही खास नव्हतं. उदाहरणं कोरडी, उत्तरं दिलेलीच नाहीत. नावं क्रमाने लावायच्या प्रोग्रामपाशी ती कितीतरी दिवस अडकली. शेवटी न राहवून तिने नणंदेला बोलावलंच. या खेपेला नणंदेने नवीन काही सुचवलं नाही. शेजारी बसून चूक शोधायला मदत केली.

प्रोग्राम चालला, पण नावं उलट्या क्रमाने आली. नणंद हसली. हिला मुळीच हसू आलं नाही. स्वयंपाकाचं आज तुझं तू बघ, असं नवऱ्याला सांगून तिने खुर्ची पुढे ओढली.