व्हाइटनर न लावलेला रकाना

आज नातीच्या दप्तरात व्हाइटनर सांडलं आणि त्या वासासरशी मी कतारमध्ये, दोह्यातल्या वेस्ट बे भागातल्या जुन्या ऑफिसात जाऊन पोचले.

२००१ साल. मी व्हिसाचे फॉर्म टाइप करायची. समोर विली बसला होता, पॅसिफिकमधल्या वानुआतू बेटांवरचा टगबोटीचा इंजिनियर. ‘आधीचं नागरिकत्व’ या रकान्यात त्याने मला ‘कोणतंही नाही’ असं लिहायला लावलं होतं.

मॅनेजरने व्हाइटनरची बाटली माझ्यापुढे सरकवली. “तिथे इंग्रजांचं राज्य होतं ना? ब्रिटिश लिहून टाक. यल्ला, चल आटप, खलास!”

विलीने ग्रीसने काळवंडलेला तळहात रकान्यावर ठेवला. “इंग्रज आणि फ्रेंच, दोघं मिळून राज्य करायचे. दोघांचे पोलीस वेगळे, तुरुंग वेगळे. पण देश स्वतंत्र होईपर्यंत मला नागरिक दोघांनीही मानलं नाही. आता त्यांचं नाव मी का लावू?”

“फॉर्म परत येईल. नोकरी जाईल.”

“जाऊ दे.” हात हलला नाही.

तेव्हा मनात म्हटलं, केवढा हा हट्ट! आज वाटतं, एवढा तरी हट्ट माणसाला हवाच.

मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. फॉर्म दोनदा परत आला. दोन्ही वेळा मी, मॅनेजरला न विचारता, तेच टाइप केलं: कोणतंही नाही.