नाना फोटोत येत होते

“अहो, कामाच्या कपड्यांत आला असतात तर बरं झालं असतं.”

मंडळाचे सेक्रेटरी माझ्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरून बोलत होते. कोरा शर्ट. बायकोने मुद्दाम या दिवसासाठी शिवून घेतलेला. “लोकांना कसं कळणार, यंत्रमागवाला लेखक कोणता ते? बनियन, लुंगी, केसांत चार धागे. फोटो झकास आला असता.”

शेजारचे दोघे हसले. मीही हसलो. पहिल्यांदाच आलो होतो.

सुरतेतल्या एका मराठी मंडळाचा तो ग्रंथमहोत्सव. प्लेगची पळापळ झाली, त्याच्या दुसऱ्या वर्षीचा. मी कतारगामला लूम चालवायचो. धुळ्याच्या एका लहान प्रकाशकाने माझी पहिली कादंबरी काढली होती, आणि लेखक म्हणून मला कुणी स्टेजवर बोलावण्याची ही पहिलीच वेळ. टाळ्या नको होत्या, असं खोटं कशाला सांगू? हव्या होत्या. पण त्याहून जास्त एक गोष्ट हवी होती. कादंबरीतलं एक पान नानांपर्यंत पोचायला हवं होतं.

नाना म्हणजे माझे वडील. अमळनेरकडून सुरतेला आले, लूमवर उभे राहिले, आणि त्या खडखडाटात त्यांचे दोन्ही कान गेले. लूमवर तसं कुणालाच काही ऐकू येत नाही. आम्ही तिथे ओठांवरून बोलणं ओळखतो. पलीकडचा माणूस नुसते ओठ हलवतो आणि त्याला चहा हवाय की बदली माणूस, ते आम्हाला कळतं. नानांशी आता घरीही तसंच बोलावं लागायचं. अक्षरओळख त्यांना नव्हती. म्हणजे माझी कादंबरी त्यांना वाचता येणार नव्हती आणि ऐकताही येणार नव्हती. माझ्या तोंडाकडे बघूनच काय ती कळली असती.

“मी कसाले येऊ? माले काय ऐकू येस?” ते म्हणाले होते.

“नाना, तुम्ही पुढे बठा. मना तोंडकडे देखा.”

“बरं. तू बोल. मी देखसू.”

ते पान आईचं होतं. आई गावी वारली तेव्हा नाना इथे पाळीवर होते. मुकादमाने दारातूनच, ओठांनीच त्यांना सांगितलं. नाना तुटलेला धागा जोडत होते, ते जोडतच राहिले. बायको मेली तरी याने मशीन सोडलं नाही, असं पुढे सगळं गाव बोललं. नानांनी ते आयुष्यभर उरात ठेवलं. मी कादंबरीत लिहिलं होतं की त्या माणसाचा दोष नव्हता. हात चालू होते म्हणून तो उभा राहिला, नाहीतर तिथेच कोसळला असता. बापाला हे तोंडावर कसं सांगायचं? आमच्यात कुणी सांगतं का असं? पुस्तकाच्या आडून सांगता आलं असतं.

खाली बघून वाचलं तर ओठ दिसत नाहीत, म्हणून मी ते पान पाठ केलं. नानांना पहिल्या रांगेत बसवलं. माझा शाल देऊन सत्कार झाला. मग मी उभा राहिलो. माइक तोंड झाकत होता, तो बाजूला केला आणि सुरुवात केली. लूमवाल्याचा आवाज तो, दणकून निघाला. हॉलमध्ये हशा पिकला. अध्यक्ष पुण्याचे प्राध्यापक होते. ते मागून म्हणाले, “सावकाश. हा कारखाना नाही.”

मी थांबलो नाही. नाना पुढे वाकून बघत होते. त्यांचेही ओठ माझ्याबरोबर थोडे थोडे हलत होते.

मुकादम दारात येतो, तिथवर मी आलो. तेवढ्यात फोटोवाल्याने नानांच्या दिशेने काही हातवारे केले. सेक्रेटरी रांगेच्या कडेला उभे होते. ते एका कार्यकर्त्याशी हळूच बोलले. मला स्टेजवरून त्यांचे ओठ दिसले.

“हे म्हातारं फोटोत येतंय. मागे घे त्याला.”

नानांनीही मान वळवली होती. त्यांनाही दिसलं.

कार्यकर्ता पोचायच्या आत नाना आपणहूनच उठले. कुणाला अडचण नको अशा बेताने, धोतर सावरत, पार शेवटच्या रांगेत दाराशी जाऊन बसले. मी मध्येच थांबलो.

“त्यांना पुढे आणा,” मी म्हणालो.

“कुणाला?”

“माझ्या वडिलांना.”

सेक्रेटरींचा चेहरा जरासा उतरला. “तुमचे वडील का? आधी सांगायचं ना! असू द्या, माइक आहे, मागे छान ऐकू येतं. तुम्ही वाचा.”

“त्यांना ऐकू येत नाही. ते पुढे बसले तरच मी वाचेन.”

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. “हा साहित्याचा मंच आहे. इथे युनियनबाजी नको.”

पुन्हा हशा. माझ्या अंगाची आग आग झाली. यांना लूमवाला हवा होता, तोही बनियन घातलेला. आणि ज्याचे कान त्या लूमवर गेले, तो म्हातारा फोटोतसुद्धा नको होता. मी पुस्तक मिटलं, शाल खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरलो.

नाना डोळे मिटून बसले होते. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले म्हणजे त्याने ऐकणंच बंद केलं. मी त्यांच्यासमोर खाली बसलो. उरलेलं पान तिथेच म्हणणार होतो. गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा त्यांनी डोळे उघडले, पण माझ्या तोंडाकडे काही बघेनात.

भिंतीकडे बघत म्हणाले, “चाल घर.”

रस्त्यात एकदाच बोलले. “मी फोटोमा येस म्हने.” आणि हसले. ते हसणं मला अजून सोसत नाही.

नंतर घरी मी ते पुस्तक हातात घेऊन त्यांच्यासमोर बसून बघितलं. पुस्तक दिसलं की ते डोळे मिटायचे. पुढे नाना गेले. ते पान कितीतरी लोकांनी वाचलं. ज्याच्यासाठी लिहिलं, त्याला तेवढं कळलं नाही. माझ्या आईच्या मरणाचा बोल डोक्यावर घेऊनच माझा बाप गेला. यावर मला कुणी समजूत घालू नये. ती पटत नाही.

आता मला कुणी बोलावलं की मी आधीच सांगतो. पहिली रांग माझ्या माणसांची. कांडीवर सूत भरणाऱ्या बाया, बहिरे झालेले म्हातारे, पाळीवरून थेट आलेली पोरं, जे येतील ते. ते पुढे बसतील, फोटोत येतील, आणि मी माइक बाजूला करून, मला हवं तेवढं मोठ्याने बोलेन. पुष्कळ मंडळांनी यावर परत बोलावलं नाही. नका बोलावू. माझं एकही माणूस मी आता उठू देणार नाही.