गिटारीचं दावं

माझी मुलगी दहावीच्या वर्षात बोलायची थांबली. भांडण झालं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं, नुसती थांबली. जेवायला ये म्हटलं की "हं", पेपर कसा गेला म्हटलं की "बरा", आणि त्यापुढं विचारलं तर जॅकेटाची टोपी डोळ्यांपर्यंत खाली. साताऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. नवरा फौजेत, कायम कुठल्या तरी बर्फात. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "वयच आहे ते, जाईल." अरे बाबा, वय जाईल तेव्हा जाईल, आधी पोरगी चालली होती. जूनमध्ये अकरावीला सांगलीच्या वसतिगृहात. म्हणजे ही अशी मुक्यानंच घरातून निघणार, आणि मी फोनवर तिचा "हं" ऐकत बसणार. मला घास गोड लागत नव्हता.

अशात एप्रिलमधल्या एका दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गिटार घ्यायची का? एकच. आपण दोघी शिकू."

एवढं लांब वाक्य! माझ्या हातातला टॉवेल हातातच राहिला. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. आरतीला माझ्या टाळ्या चुकतात, शेजारच्या बायका माझ्याकडं बघतात. पण ती "दोघी" म्हणाली होती. मी मोठ्या धीरानं "बघू" म्हटलं, टॉवेलाची घडी पूर्ण केली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. समोर रडले असते तर बिथरली असती. काही करून ही गिटार घरात यायला पाहिजे आणि मधल्या मधे पोरीचं मन फिरता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि एवढं डोक्यात असताना मी सासऱ्यांना फोन केला. मी त्यांना मामा म्हणते. ते आटपाडीकडं गावी असतात, उभा जन्म मेंढरांमागं गेला. बाजारात जनावर पारखायचं असलं की लोक अजून त्यांना घरातून उचलून नेतात. वसतिगृह बघायला सांगलीला निघालोय, तुम्हीही या, एवढंच सांगायचं होतं. पण माझी जीभ. येताना गिटार घेणार आहोत, हेही सांगून बसले.

"मला दावल्याबिगार घ्यायची न्हाई," मामा म्हणाले. "शेरातली माणसं लय फसत्यात."

"आवं मामा, ते वाजवायचं असतं. जनावर नाही."

"असू दे की. पैसं टाकून घरात आणायचं हाय न्हवं? मग बघूनच आणायचं."

वसतिगृह दहा मिनिटांत बघून झालं. गिटारीला अख्खी दुपार गेली.

दुकानात भिंतभर गिटारी टांगलेल्या. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, बोलायला मऊ. मी आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ बघून तयार होऊन गेले होते. एक गिटार काढायला लावली, तार दाबली, "ॲक्शन जरा उंच आहे", म्हणजे तारा मानेपासून लांब आहेत, असं म्हणाले आणि बोट असं चरचरलं की पुढचं बोलणं विसरले. खरं सांगायचं तर मी तिची लांबी बघत होते, कपाटावर मावेल का म्हणून. पोरीनं मात्र भिंतीकडं एकदाच बघितलं आणि एका काळ्या गिटारीला हात लावला.

"ही," ती म्हणाली.

झालं असतं काम. पण मामा पुढं झाले. "खाली घ्या तिला," दुकानदाराला म्हणाले. त्यानं स्टँडवर ठेवली. "टेकवू नगा. मोकळी उभी करा." बिचाऱ्यानं दोन बोटांनी मानेला धरून उभी केली. मामांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. पाठीवरून हात फिरवला, कुशी दाबून बघितल्या, मग गुडघ्यावर बसून मधल्या भोकात मोबाईलचा उजेड टाकला.

"पोटात काय न्हाई हिच्या."

"नसतंच काका. पोकळच असते."

"मग उपाशी इकताय व्हय?"

दुकानदारानं चष्मा डोळ्यांवर घेतला. मामांनी आता मानेवर अंगठा फिरवायला घेतला होता. तिथं त्या पितळी पट्ट्या असतात ना, आडव्या, त्या एकेक करून चाचपल्या. "कवाची हाय म्हणालात?"

"नवी आहे काका. गेल्याच महिन्यात आली."

"नवी? आन् एवढं दात?" माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हातारी हाय. गळ्यात मारतोय."

मी पोरीकडं बघितलं. टोपी भुवयांपर्यंत आली होती. "मामा," मी हळूच म्हणाले, "तिला आवडलीय. घेऊन टाकू." पण मामांना तेवढ्यात खरी खोट सापडली होती. ती गिटार एका बाजूनं कापलेली होती. काही गिटारींना तशी खाच असते, वरच्या सुरांपर्यंत हात पोचावा म्हणून. हे मला व्हिडिओमुळं माहीत होतं. मामांना नव्हतं.

"हिचा खांदा कुठं हाय?"

"तो कापलेलाच असतो काका, हात जायला सोपं पडतं."

"कापलाय? आन् तोंडानं सांगताय?" मामा उठून उभे राहिले. आवाज आता बाजारातला झाला होता. "सूनबाई, खांदा गेलेलं जनावर दारात बांधायचं नसतंय. घरातलं माणूस घरात टिकत न्हाई."

माझं डोकं सटकलं. "आवं मामा, माणूस तसंही टिकणार नाहीच आहे! जूनमध्ये चाललीय ती! आता खांदा असला काय आणि नसला काय, मला काय फरक पडतोय!"

कोपऱ्यात कुणीतरी हार्मोनियमचा भाता मारून बघत होतं, ते थांबलं. पोरीनं टोपी मागं सारली आणि माझ्याकडं बघितलं. वर्षभरात तिनं माझ्याकडं असं सरळ बघितलं नव्हतं. मला वाटलं, संपलं. आता म्हणेल, नको मला गिटार.

"आबा," ती मामांना म्हणाली, "लंगडी असली तरी आपलीच की."

मामांनी तिच्याकडं बघितलं, गिटारीकडं बघितलं. "मग बोलणंच खुटलं," ते म्हणाले आणि खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी दुकानदाराच्या हातावर टाकला.

ज्याला माहीत नाही त्याला सांगते. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं करत नाहीत. टॉवेलाखाली हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. दुकानदाराला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गिटारीच्या मानेला किमतीची चिठ्ठी लटकत होती, ती सगळ्या दुकानाला दिसत होती. मामा टॉवेलाखाली त्याची बोटं दाबायला लागले. तो आधी घाबरला, मग म्हाताऱ्या माणसाचा मान म्हणून त्यानंही दाबली. मामांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी पुन्हा दाबली. त्याला गुदगुल्या झाल्या, तो फिस्सकन हसला आणि मान हलवली.

"ठरलं!" मामा म्हणाले.

काय ठरलं ते दोघांनाही सांगता येत नव्हतं. शेवटी चिठ्ठीवरचेच पैसे मी बाजूला जाऊन मोबाईलनं दिले. आपण त्या माणसाला पार उतरवला, असं मामा आजही पाव्हण्यारावळ्यांत सांगतात.

दुकानदार खूश होऊन गळ्यात अडकवायचा पट्टा फुकट द्यायला लागला, तर मामांनी त्याचा हात मागं सारला. "दावं देऊ नगासा. देणाऱ्यानं जनावर द्यावं, दावं आपल्याजवळ ठिवावं. दावं जवळ ऱ्हायलं की माया तुटत न्हाई." त्यानं पट्टा परत ठेवला. मला वाटतं, तोवर त्याला मामा पटायला लागले होते. मग मामांनी आपल्या पिशवीतून स्वतः वळलेली लोकरीची दोरी काढली, काळी-पांढरी, बोटभर जाड. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं असतं, म्हणून ते घरातूनच घेऊन निघाले होते. एक टोक मानेला, एक बुडाला, अशी गाठ मारली की ती मला कधीच सुटली नाही.

येताना एसटीत कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं. मामा म्हणाले, "मांडीवर बसलंय की लेकरू." कंडक्टर म्हणाला, "आजोबा, ते गिटार आहे." मामा म्हणाले, "मग मघाशी दुकानात मी काय येगळं म्हणत हुतो?" हे कुणालाच कळलं नाही, मामांनाही नाही. उंब्रज येईपर्यंत वाद चालला. उंब्रजला गर्दी चढली आणि कंडक्टर मागं गेला तो गेलाच.

घरी दारात पोचलो तर मामा आत जाऊ देईनात. नवं जनावर आलं की घरच्या बाईनं त्याच्या पायावर पाणी घालायचं, ओवाळायचं, मगच आत. मी म्हटलं, हिला पाय कुठं आहेत? मामांनी वरच्या खुंट्या दाखवल्या. "कान हितं हायत. म्हंजे पाय खाली." मी चमचाभर पाणी घातलं आणि लगेच ओढणीनं पुसलं. निरांजन ओवाळलं. शेजारीण दार उघडून बघत होती. तिनं गिटारीला हात जोडले.

आणि मग मामांनी खिशातून भंडाऱ्याची पिशवी काढली. मला वाटलं चिमूटभर लावतील. ते म्हणाले, "उपाशी आलीया बिचारी." देवाचं नाव घेतलं आणि ओंजळभर हळद त्या भोकातून गिटारीच्या पोटात ओतली.

मी किंचाळले. पोरीनं गिटार उचलली, आत गेली आणि खोलीचं दार लावलं. मग मी मामांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. ते शांतपणे चहा पीत राहिले, "जेवली म्हंजे रुळंल" म्हणाले आणि सकाळच्या गाडीनं गावी गेले.

त्या संध्याकाळी मात्र मी पोरीच्या बंद दारासमोर उभी होते. आतून आवाज नाही. एवढी घडी जमवली आणि ओंजळभर हळदीनं नासवली, असं वाटून मला रडू आवरेना. तेवढ्यात आतून हाक आली.

"आई, ये की. धर."

आत गेले तर पोरगी पलंगावर उभी, गिटार उलटी धरलेली, आणि अंगभर पिवळी. मी एका बाजूनं धरली, तिनं एका बाजूनं, आणि आम्ही दोघींनी मिळून ती गदागदा हलवली. जेजुरीला जाऊन आल्यासारख्या दिसायला लागलो. चादर गेली, माझा ड्रेस गेला. मी शिंकले. ती हसली. मला वाटतं, तो आमचा पहिला धडा.

हळद काही सगळी निघाली नाही. दोन महिने आम्ही रोज संध्याकाळी बसत होतो. तारेला जोरात हात मारला की भोकातून पिवळा भपका यायचा. माझी बोटं सुजली. तिला तीन सूर आले तेव्हा मला एक येत होता, तोही अर्धा. ती मला ओरडायची, "आई, मधलं बोट! ते मधलं आहे का?" मी उलटून ओरडायचे. शेजारीण भिंतीवर थाप मारायची. मामा फोनवर विचारायचे, "रुळली का?" ओरडता ओरडता पोरगी बाकीचंही बोलायला लागली, मैत्रिणींचं, भीतीचं, बापाच्या आठवणीचं. मी बोटं दाबत नुसतं ऐकत होते. मी फार सुखात होते.

जून आला. बॅगा दारात मांडल्या. गिटार पिशवीत घालून, चेन ओढून मी बॅगांशेजारी ठेवली.

"ती राहू दे," पोरगी म्हणाली.

"अगं, खरी वाजवतेस तू. मी काय करू तिचं?"

"तिथं माझ्या खोलीत तीन पोरी आहेत, बोलायला. इथं कोण आहे?"

मी वर्षभर हिच्या मुकेपणाच्या काळजीत, आणि ही दारात उभी राहून माझी काळजी करत होती. "म्हणून घ्यायला लावलीस होय?" मी विचारलं.

"हं," ती म्हणाली.

मग तिनं पिशवीची चेन उघडली, खाली बसली आणि मामांची गाठ सोडवायला लागली. नखं लावून, दात लावून सोडवली. लोकरीची दोरी गुंडाळून तिनं आपल्या बॅगेत कपड्यांवर ठेवली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "मी देतेय ना गिटार? मग दावं माझ्याजवळ."

ती गेल्यावर संध्याकाळी मी गिटार मांडीवर घेतली. दोरी नाही, त्यामुळं ती घसरत होती. एका हातानं धरायची तर वाजवायची कशानं? मी मामांना फोन लावला. म्हटलं, दुसरं दावं वळून पाठवा.

"पयल्याचं काय झालं?"

"पोरीनं नेलं."

मामांच्या मागं मेंढरं ओरडत होती.

"दावं नेलंय न्हवं?" ते म्हणाले. "मग रडतीस कशापायी? गप वाजव."