विमल मॅडम आणि तात्यांचे गुडघे

विमल मॅडम सकाळी प्रयोगशाळेत आल्या की आधी पेशींच्या बशा बघायच्या आणि मगच आमच्या नमस्काराला उत्तर द्यायच्या. "लेकरं सुखरूप हायत, आता चहा आणा," म्हणायच्या. परभणीत मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होतो. शेळीच्या अस्थिमज्जेतून मूळपेशी काढायच्या आणि त्यांच्यापासून कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, वाढवायची, हे आमचं काम.

त्यांचे वडील, तात्या, सोनपेठला असत. एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी उभ्यानं झाली आणि दोन्ही गुडघे झिजले. डॉक्टरांनी सांधे बदलायला सांगितलं, पण तात्या ऐकेनात. "लोखंड कशाला घालू? माझी लेक गुडघा वाढवायलीय," असं बाजारात भेटेल त्याला सांगायचे.

एकदा मॅडमनी त्यांना परभणीला आणलं. आम्ही गुडघ्यात कूर्चेचा तुकडा बसवलेली शेळी आवारात छान चालत होती. तात्या काठीवर रेलून बघत राहिले.

"विमल, हिला झालं की. मला कधी करतीस?"

"माणसाला द्यायची परवानगी न्हाई, तात्या. अजून लय वर्षं लागतील. तुमी ऑपरेशन करून घ्या."

"मग मला शेळी समज!"

आम्ही सगळे हसलो. मॅडमही हसल्या. वडिलांच्या कौतुकानं त्यांचा चेहरा उजळला होता. विषय तिथंच राहिला.

पुढे तात्यांचं हृदय कमजोर झालं आणि डॉक्टरच ऑपरेशनला नाही म्हणाले. अखेरचा काळ त्यांनी खाटेवर काढला. तरीही भेटायला येणाऱ्याला शेळीचीच गोष्ट सांगायचे.

तात्या गेल्यावर मॅडम कामावर परतल्या. मी म्हणालो, "तुम्ही तर त्यांना ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगत होतात."

"सांगत होते रे, पण हसत हसत. मला हे जमत न्हाई, असं एकदा तोंडावर खोटं बोलले असते, तर तात्यांनी येळेवर ऑपरेशन करून घेतलं असतं, चालत राहिले असते."

मागच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला बोरी गावच्या एक मावशी, शेळीची गोष्ट ऐकून, लेकाच्या आधारानं आल्या होत्या. त्यांनी पहिल्या रांगेतूनच विचारलं, "बाई, तुमचा तो गुडघा कधी मिळंल?"

"माझी वाट बघू नका, मावशी. डॉक्टर म्हणतेत ते करून घ्या."

मावशींना ते पटलेलं दिसेना. मॅडमनी गळ्यातला हार काढून ठेवला, मंचावरून खाली उतरल्या आणि भाषणं चालू असतानाच त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.